टाकी ओढणाऱ्या मोटारीचा क्लच

चोपडा, ता. ९ एप्रिल १९४६

चि. जीवरामास गिरधरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असे लिहायला हात धजत नाही. सातपुड्याकडच्या पाड्यावरची विहीर आटल्यापासून मी आपल्या जुन्या मोटारीला पाण्याची टाकी जोडून रोज वर नेतो, हे तुला ठाऊक आहे. परवा शेवटच्या चढावर क्लच घसरला. इंजिन नुसते ओरडत राहिले, जळका वास सुटला आणि भरल्या टाकीने मोटार मागे ओढली. त्या ओझ्यापुढे ब्रेकने दाद दिली नाही. पाड्यावरचा मानसिंग चाकाखाली धोंडा लावायला धावला. गाडी थांबली, पण त्याचा पाय चिरडला. दोन बोटे गेली.

चूक माझी. वास महिनाभर येत होता. एकही खेप चुकवायची नाही म्हणून मी काणाडोळा केला. आता पुन्हा घसरणार नाही असा क्लच तुझ्या कारखान्यातून धाड. फार थकलो आहे, जास्त लिहवत नाही. आठवण ठेवून असावे.

तुझा भाऊ गिरधर

धुळे, ता. १३ एप्रिल

ती. भाऊंच्या चरणी जीवरामाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून कारखान्यात तसाच बसून राहिलो. मानसिंगचा पाय कसा आहे, ते कळवावे.

नुसती क्लच प्लेट बदलून भागणार नाही. तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, असा पुरता संच घालू. मजजवळ दोन आहेत. एक आपल्याच मोटारीचा, पायाला हलका. तो अर्धी टाकी ओढेल, भरलेली घेऊन चढावर जाऊ नये. दुसरा लष्कराने मोडीत काढलेल्या गाडीचा, लेथवर थोडा कातून घेतला की बसेल. त्याच्या स्प्रिंगा कडक, भरली टाकी पेलेल. पण पेडल इतके जड की दाबताना माझी मांडी थरथरली. आणि तुमचा डावा गुडघा जिना चढतानाही कुरकुरतो, हे वहिनींनी कळवले आहे. तुम्ही कितीही लपवा! चढावर त्यानेच दगा दिला तर?

कोणता धाडू ते सांगावे. मी ठरवले तर तुम्ही ऐकणार थोडेच. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

आपला जीवराम

चोपडा, ता. १९ एप्रिल

चि. जीवरामास आशीर्वाद. वि. वि.

कडक संच धाड, असे पत्र लिहून ठेवले होते. ते टाकण्याआधी मानसिंगला भेटायला पायी पाड्यावर गेलो. पाय गुंडाळून दारात बसला होता. मी म्हटले की आता असा क्लच घालतो, टाकी थेट पाड्यात येईल. त्याने पायाची पट्टी सारखी केली. मग म्हणाला की टाकी वर आणताच कशाला, चढाखाली थांबा, आम्ही हंड्यांनी नेऊ. त्याची बायको दगडीबाई आतून म्हणाली की भाऊ, पानी थोडं उनं तरी चाली, पन तू येत ऱ्हाय.

मला वाटले होते, ही माणसे माझे तोंड पाहणार नाहीत.

तेव्हा हलका संच धाड. अर्धी टाकी, दिवसातून दोन खेपा, आणि थांबणे चढाच्या पायथ्याशी. आधीचे पत्र फाडले.

निघताना मी त्याची माफी मागितली. माफ केले, असे तो म्हणाला नाही. त्याने तांब्याभर पाणी पुढे केले. खेपा बंद पडल्यापासून जपून ठेवलेले त्या घरातले पाणी, मला घोट घेववेना. पण तो पाहत होता, म्हणून सगळे प्यालो.

घरी सर्वांस आशीर्वाद सांग, आणि जमल्यास तूच संच घेऊन ये.

तुझा भाऊ गिरधर