लिंबावरच्या अळ्यांबाबत

मु. शेलार, भिवंडी
दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस

ती. धोंडूताईस,
धाकट्या चंद्राचा वाकून नमस्कार. (पाकिटावर तुझ्या नावामागे गं. भा. लिहायची रीत आहे. मी लिहिलं नाही. पोस्टमनला पत्ता पुरतो.) तब्येत विचारत नाही, कारण तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणणार, आणि खरं काय ते मला तुझ्या सुनेकडून, विनिताकडून, कळतं. भाऊजींना जाऊन वर्ष झालं, तू फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाहीस आणि यंदाचं तुझं सीमोल्लंघन ओटीच्या पायरीपर्यंतच झालं. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. ते वाजून वाजून बंद तरी पडणार नाही. लिंबाला यंदाही अळ्या लागल्या का? भाऊजी असताना मी त्या चपलेने चिरडल्या होत्या आणि तू माझं केवढं कौतुक केलं होतंस. ते कौतुक मी या पत्राने परत करते. कारण पुढे येईल.

तर मला नोकरी लागली आहे. हसू नकोस. अंबाडीच्या रस्त्याला फुलपाखरांची बाग झाली आहे, जाळीचा भलामोठा मांडव, गणपतीपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उघडा. माझी ड्युटी दोन दारांच्या मधल्या खोलीत. आतलं दार लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आरशासमोर एक गिरकी घ्यायला लावायची, कपड्यांवर बसून कोणी फुलपाखरू बाहेर जात नाही ना ते बघायला. (जन्मात घरात कोणी माझं ऐकलं नाही, आता मोठमोठे कारखानदार माझ्या एका शब्दावर गोल फिरतात.) परवा एका लूमवाल्या शेठच्या टकलावर नीलवंत येऊन बसलं. नीलवंत म्हणजे तळहाताएवढं काळं मखमली फुलपाखरू, मागच्या पंखांवर अशी निळाई की आपल्या खाडीतही कधी दिसली नाही. शेठचा पुतळा झाला. ओठ न हलवता मला विचारतो, “आपा, बैठी है अभी?” मी म्हटलं, “बैठी है.” चाळीस लूमच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस पंधरा मिनिटं श्वास धरून उभा, डोळ्यांत पाणी. वज्रेश्वरीच्या गाभाऱ्यासमोर हात आपोआप जोडले जातात ना, ताई, तसे माझेही जोडले गेले. आणि फुलपाखरू पायाने चव घेतं, ठाऊक आहे? मादी पानावर पाय आपटून ते लिंबाच्याच जातीचं आहे ना ते बघते, मगच अंडं घालते. त्यातली अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवीगार होते, हात लावला की लाल शिंगं बाहेर काढते. काही आठवलं? मलाही आठवलं. दोन दिवस ती चप्पल पायात घालवेना.

आता घोळ सांगते. आमच्या ह्यांनी तीस वर्षं जॉबरकी केली, बिघडलेले लूम दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण खंडेनवमीला लूमला हार घातल्याशिवाय तोंडात घास घेतला नाही. मग माझ्या हत्यारांनी काय पाप केलं होतं? आरसा, दोन्ही दारांच्या कड्या, फुलपाखरू अलगद उचलायचा मऊ ब्रश, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, धूप फिरवला. मिहिरसाहेब (बागेचे मॅनेजर, ठाण्याचे, वयाने माझ्या मुलासारखे) त्या दिवशी सुट्टीवर होते. नीलवंताच्या अळ्यांच्या पेटीला तर मी जरा जास्तच केलं, लेकरं म्हणून. आतल्या लिंबाच्या पानांवर चिमूट चिमूट कुंकू वाहिलं. लेकरांनी प्रसाद समजून खाल्लं. दसऱ्याच्या सकाळी बावीसपैकी चौदा मरून पडलेल्या. साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते पेटीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “काकू, सुट्टीत पोरं येतील, त्यांना नीलवंत कुठून दाखवू?” मी म्हटलं, “साहेब, चूक माझी हाय. उद्यापासून मी येत न्हाय.” तर म्हणाले, “मग दारावर कोण उभं राहणार?” आरशावरचा हार मी स्वतः उतरवला. तेव्हा आरशात माझंच तोंड दिसलं, ते मला बघवलं नाही.

घरात ज्याला जे शोभेल ते माझ्याकडून सांग.

तुझी,
चंद्रा

ता. क. लिंबावर औषध मारू नकोस. मोठ्या झालेल्या हिरव्या अळ्या पानांसकट, भोकं पाडलेल्या डब्यात घालून भिवंडीच्या बसने पाठव. बागेची लाज तुझ्या हातात आहे. कुंकू लावू नकोस.

आणखी ता. क. अळ्या एकट्या येऊ शकत नाहीत, बरोबर माणूस हवं. विनिताला मी पुढच्या रविवारी दुसऱ्या कामाला जुंपून ठेवलं आहे, म्हणजे उरलीस तू. अंबाडीला उतर, मी थांब्यावर असेन. भाऊजींनी घेतलेली ती निळी साडी नेस. फिकट कपड्यांवर फुलपाखरं बसत नाहीत (हे मिहिरसाहेबांनी नाही, मी सांगितलं आहे).

शेवटचा ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. अळ्या इथल्या नर्सरीवाल्याने कालच आणून दिल्या, मोजून तीस. तरीही तू डबा घेऊनच ये. नाहीतर ‘रिकाम्या हातानं कशी जाऊ’ म्हणत पुन्हा ओटीवर बसशील.