फुकट मिळालं तर घ्याल?

शुक्रवार, संध्याकाळ. अर्नाळा.

आज कंपनीच्या मीटिंगमध्ये माझं ऐकलं गेलं! म्हणजे, अर्धं तरी.

मासेमारी बोटींना लागणाऱ्या बर्फाचा कारखाना बाबा आणि काका मिळून चालवतात. एमबीए करून मी तिथे लागले, त्यानंतरचा हा माझा पहिलाच प्रस्ताव: जुनं मशीन काढून दोन नवी घ्यायची. काका अडूनच बसले. "गेल्या वर्षी दुरुस्तीला एवढा खर्च केला, तो काय पान्यात घालायचा?"

मी म्हटलं, झालेला खर्च निर्णयात धरायचाच नसतो, पुढे काय मिळणार तेवढंच बघायचं. पटेना. बाहेर ते मशीन खडखडतच होतं. शेवटी विचारलं, "काका, हेच मशीन आज कुणी फुकट दिलं तर घ्याल?"

काका त्या खडखडीकडे कान लावून बसले आणि एकदम खो खो हसले. "फुकट? वर पैसे दिले तरी नको!"

मी खूश. पण लगेच त्यांनी विचारलं, "पोरी, उद्या बोटींना मासळीच कमी मिळाली, तर तुझ्या दोन मशीनचा बर्फ कोन घेनार?"

हे मला का सुचलं नाही? थांबून बघण्यालाही मोल असतं, हे मी परीक्षेत चांगलं पानभर लिहिलं होतं!

शेवटी ठरलं: सध्या एकच नवं मशीन, दुसऱ्यासाठी जागा मोकळी ठेवायची.

उठताना बाबा काकांना म्हणाले, "पुढच्या मीटिंगला हिला तुझ्या शेजारी बसव."

"शेजारी कशाला? समोर बसू दे. भांडायला बरं पडतं."