सिस्टरच्या दुखण्याचे शब्द

३ फेब्रु. १९७४, तासगाव
रविवार. साताऱ्याहून फादर आले. सिस्टर पिलारच्या देशाचे, म्हणून त्यांनाच बोलावलं. अर्धांगाच्या झटक्यात सि.ची उजवी बाजू गेली, तशी मराठीही गेली, इंग्रजीही. उरली फक्त माहेरची स्पॅनिश. वीस वर्षं आमच्या ह्याच मिशन दवाखान्यात "कवापास्नं दुकतंय गं?" विचारणारी बाई.

मुंबईच्या मठाचा निरोप: इथं तिचं कोणाला कळत नाही, महिनाअखेर गाडी पाठवतो. पुढे बहुधा स्पेनलाच. मी म्हटलं, कळत नाही ना, मी शिकते. फादर हसले. हसू देत.

५ फेब्रु.
फादरनी सांगितलेले आजारपणाचे शब्द देवनागरीत उतरवून घेतलेत. सेद, तहान. फिएब्रे, ताप. दोलोर, वेदना. दवाखान्यात पेशंटचं ड्रेसिंग करताना घोकते, घरी चुलीपुढेही. आई म्हणाली, "सुमे, भाकरी करपली. कुटं जायाचं हाय म्हणून ह्यो अब्यास?"
कुठं जायचं नाही गं. जाऊ द्यायचं नाही.

७ फेब्रु.
गुरुवार, सांगलीहून डॉक्टर आले. त्यांच्यासमोर सि.ला विचारलं, "दोंदे ले दुएले?" कुठं दुखतंय. माझ्या तोंडून ते ऐकून तिचे डोळे भरले. मग डॉ.कडे बघून म्हणाली, "नादा." काही नाही.
डॉ.नी तापाची गोळी लिहिली. तक्रारच नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार? पण पाणी नको म्हणते, कूस बदलताना चादर मुठीत आवळते. ह्याला काही नाही म्हणतात?

१० फेब्रु.
फादरनी घडाघडा स्पॅनिशमध्ये विचारलं. तेच उत्तर, "नादा." फादर म्हणाले, पहिल्यापासून हट्टी आहे. माझा पारा चढला. गुरुवारचं सांगितलं तेव्हा माझ्या उच्चारांना दोष देत होते, तर त्यांनाही तेच! मग शिकून उपयोग काय?
तरी आणखी शब्द मागून घेतले. मळमळ, चक्कर, जळजळ, लघवी. रागात पाठांतर बरं होतं.

१२ फेब्रु.
सकाळी एक सून आली, सोबत सासरा. "काय न्हाई, डोस्कं दुकतंय." मी नेहमीसारखं म्हटलं, मामा, जरा बाहेर बसा. म्हातारा कुरकुरला, "आवं, मी काय खातुय व्हय तिला?" गेला पण. दार लागल्यावर पोरगी खाली मान घालून बोलली. "अंगावर जातंय. लय दिस झालं."

हा सि.चाच नियम. आधी बापय माणसं बाहेर, मग प्रश्न. बापयासमोर आमच्या बायकांचं फक्त डोकं दुखतं.

सुनेला औषध दिलं आणि मग लख्ख दिसलं. सि.ला विचारलं तेव्हा दरवेळी खोलीत कोण? एकदा डॉ., एकदा फादर. ती वीस वर्षांत आमच्यातलीच झालीय, आणि मी तिला परकी समजून शब्द गोळा करत बसलेय.

तशीच तिच्या खोलीत गेले. दाराशी वॉचमन, त्याला फाटकावर पाठवलं. कडी लावली. "ओरिनार?" लघवी? तिनं डाव्या हातानं माझा हात ओढून ओटीपोटावर ठेवला. "मे आर्दे." जळतं. मग बोलतच सुटली. निम्मं कळलं नाही. रडलो मात्र दोघी मनसोक्त.

१४ फेब्रु.
डॉ.ना सगळं सांगितलं, बाहेर व्हरांड्यात. लघवी तपासायला सांगलीला नेली, इंजेक्शनं सुरू केली. म्हणाले, आधी का नाही बोलल्या? म्हटलं, तुम्ही होता म्हणून. त्यांनी चष्मा पुसला आणि ते हसले.

१७ फेब्रु.
ताप नाही. ताकभात खाल्ला, वर दोन द्राक्षं. पाणी स्वतः मागितलं, "आग्वा".

फादर म्हणाले, आता मुंबईला कळवतो, इथं सोय आहे. मी आनंदानं उडीच मारणार होते. फादर पुढे म्हणाले, पण जायचं की राहायचं, हे तिला कोणी विचारलंय? मी विचारू?
खरंच, कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.
म्हटलं, तुम्ही नको, तुम्ही बापय. शब्द द्या, मी विचारते.

१९ फेब्रु.
केदार्से, राहणं. ईर्से, जाणं. पहिला एका दमात पाठ झाला. दुसरा भाकरी थापताना निसटतो, पाणी शेंदताना निसटतो. आई म्हणते, "त्यो दुसरा गिळतीस का गं?"

२० फेब्रु.
इतके शब्द शिकले ते तिला ठेवून घ्यायला. हा एक शिकायचा तो तिला सोडावं लागलं तर, म्हणून. नाही शिकले तर फादरसारखीच मीही तिच्या दाराबाहेर उभी. तिला भाऊ आहे म्हणे तिकडे. बोलायला अख्खं गाव मिळेल.
दिवसभर ईर्सेच घोकलं. आता येतो.

उद्या सकाळी तिचं अंग पुसून, वेणी घालून झाली की कडी लावणार आणि विचारणार. दोन्ही शब्द, सारख्याच आवाजात.