तुझ्या हाताची प्लेट

आई, तुझे हात अस्वच्छ होते की नव्हते हे मला आजही माहीत नाही. जे माहीत नव्हतं ते मी आपल्या उमरोळीच्या पडवीत, तारापूरच्या कंपन्यांतली सहा माणसं तुझ्या हातचं जेवत असताना, उभी राहून सांगितलं. तू जाऊन बारा वर्षं झाली. तू हयात असताना तुला खरं सांगायला मला दिवस कमी पडले असं मी म्हणणार नाही. भरपूर होते.

पालघरच्या कॉलेजातलं माझं पहिलं वर्ष. मायक्रोबायोलॉजीच्या लेक्चरला सर फळ्यावर गोल, दांडके, साखळ्या काढायचे आणि म्हणायचे, हे सगळं आत्ता तुमच्या अंगावर आहे. मुली हात झटकायच्या. मग एका प्रॅक्टिकलला त्यांनी प्रत्येकाला दोन बंद नळ्या दिल्या, आत कापूस गुंडाळलेली निर्जंतुक काडी. एक स्वतःच्या धुतलेल्या हातावर फिरवायची, दुसरी घरी स्वयंपाक करणाऱ्याच्या. सकाळी येऊन जंतू वाढवायच्या आगरच्या प्लेटवर रेघा ओढायच्या आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. तू त्या संध्याकाळी कोलीम, ती अगदी बारीक कोळंबी, निवडत होतीस. काम टाकून उठलीस, साबणानं कोपरापर्यंत हात धुतलेस आणि फोटो काढायला बसल्यासारखी तळवे पुढे करून बसलीस. "घे बाय. नीट घे. कॉलेजात जानार हाय माजा हात."

प्लेटा बाहेर आल्या तेव्हा माझं नाव लिहिलेल्या प्लेटवर चार ठिपके होते. 'आई' लिहिलेली पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च भरलेली. शेजारची मुलगी म्हणाली, "हिच्याकडे खानावळ आहे ना? अगं, ती माणसं जिवंत आहेत का?" सगळ्या हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. कारण त्याआधी महिनाभर तीच मुलगी मला विचारत होती, "तुमच्याकडे भैया लोक जेवतात, मग वाढतं कोण, तू?" मला ती खानावळ नको होती. पडवीतल्या परक्या चपला, वरण मागणारे आवाज, तुझं "बस रे बाबा, अजून घे" हे सगळं मला नको होतं. आता माझ्या हातात शास्त्र आलं होतं.

जर्नलमध्ये मी त्या भरलेल्या प्लेटचं चित्र काढलं होतं, रंगीत पेन्सिलींनी. ते मी जेवणाऱ्यांसमोर धरलं. त्यांच्यातला मोठा, ज्याला तू भाऊ म्हणायचीस, म्हणाला, "दीदी, ये क्या है, साबूदाना?" मी म्हटलं, "माँ के हाथ पे जो है, वो है. कॉलेज में निकला." एकानं हातातला घास ताटात ठेवला, मग लाज वाटून पुन्हा उचलला. तू भाकरी थापत होतीस. थापणं थांबलं नाही, फक्त तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, "धुतले होते मी. तू बघत होतीस." खरंच बघत होते. आठवड्याच्या आत दोघं बोईसरच्या मेसमध्ये जायला लागले.

चित्र दाखवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी माझ्या प्लेटा उचलल्या आणि विचारलं, "नाव कुठे लिहिलंस? झाकणावर?" लॅबमध्ये काम करणारे मामा मागून म्हणाले, "काल इनक्युबेटरमधून काढताना यांची झाकणं सुटली होती सर. मी आपली अंदाजानं बसवली." सर म्हणाले, "नाव तळाला लिहायचं असतं, पहिल्याच तासाला सांगितलंय. आता ही भरलेली तुझी की आईची, कोण सांगणार? जे सांगता येत नाही ते सांगायचं नाही. पुन्हा कर." त्यांनी मला दोन नव्या नळ्या दिल्या. म्हणजे तू निर्दोष असण्याची शक्यता माझ्या दप्तरात होती, आणि ती घेऊन मी घरी आले.

तू मोरीपाशी बसली होतीस. कपड्याच्या सोड्यानं घासून तुझ्या बोटांची सालं निघाली होती. हात पुढे केलेस. "बघ, आता चालतील?" मी म्हटलं, "परत धू." तू परत धुतलेस. मग विचारलंस, "सरांना सांग ना, आजून एकदा बगा म्हनावं. त्या दिवशी कोलीम होती हातात. परत नाय घेत?"

"नाही. एकदाच असतं."

संध्याकाळी तू सरपण आणायला गेलीस तेव्हा मी एक काडी माझ्या हातावर फिरवली, चांगला तीनदा धुऊन. दुसरी मोरीच्या ओल्या फडक्यावर. या वेळी 'आई' तळाला लिहिलं, सुवाच्य अक्षरात. सरांनी जर्नलवर सही केली.

पावसाळ्याआधी खानावळ बंद झाली. शेवटी फक्त भाऊ येत होता. मग तोही यायचा थांबला, आणि तू तारापूरला पॅकिंगच्या कामाला जायला लागलीस. मी पास झाले, त्याच पट्ट्यात एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले. नव्या मुलांना शिकवताना मी हा किस्सा सांगते. त्यात हात तुझाच असतो. मुलं हसतात. फडकं मी गाळते. मी हे लिहितानाही पहिल्या ओळीत 'मला माहीत नाही' असं लिहून घेतलं, आणि ते प्रामाणिक वाटलं. पण मला माहीत नाही, कारण मी माहीत करून घेतलं नाही.

माझ्या लेकीला तू कधी हातानं घास दिला नाहीस. ती तोंड उघडून तुझ्याजवळ यायची आणि तू मला हाक मारायचीस, "चमचा आन गं." मी आणून द्यायचे. परवा ती म्हणाली, तिच्या मैत्रिणींच्या आज्या वरणभात कालवून भरवायच्या, आजी मला चमच्यानंच का गं भरवायची?

मी म्हटलं, तिची तशी सवय होती.