आठ तुकड्यांतले मामा

९ एप्रिल, गुरुवार. सकाळी ७.१०

बेंबळी, आमचं गाव. चहा पांचट. लाईट आहे, म्हणजे जाणार.

पुण्याच्या जुन्या कंपनीचा मेल आलाय. माझं खातं १८ तारखेला बंद होणार, आत काही खाजगी असेल तर काढून घ्या म्हणे. सहा वर्षं तिथं हाडं झिजवली आणि निरोप दोन ओळींचा. 'प्रिय सहकारी.' वैजनाथ एवढं नाव टाकायला काय झालं होतं? शिसारी आली वाचून.

आत खाजगी एकच फाईल आहे. सासऱ्यांची, बिराप्पा मामांची. चार वर्षांपूर्वी मुरूमजवळ त्यांच्या गावात बिरोबाच्या यात्रेला मामा धनगरी ओव्या गायले, तेव्हा मीच शूट केलेलं. सात तास, अडतीस जीबी. कार्डावरून तेव्हाच पुसली. क्लाउड असताना कार्डं साठवत बसायला मी काय म्हातारा आहे का?

गेल्या दिवाळीत मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. आता पाटीवर लिहून बोलतात. त्यांचा आवाज या जगात आता फक्त त्या फाईलमध्ये. म्हणजे माझ्याकडं, म्हणजे सेफ.

१९ ला अक्षय तृतीया, वर रविवार, बिरोबाचा वार. त्या दिवशी अंगणात सगळ्यांना ऐकवा असं मामांनी लिहून कळवलंय. बायकोला सांगितलं, अर्ध्या तासाचं काम आहे. समृद्धी म्हणाली, मग आत्ताच करा की. मास्तरीण आहे. सगळ्यांनाच गृहपाठ देते.

१० एप्रिल, शुक्रवार. दुपारी २

फाईल ठेवायला क्लाउडवर स्वतःची बकेट उघडली. एवढ्या मोठ्या कंपन्या आणि नाव सुचलं काय, तर बादली.

पहिल्याच दिवशी शिस्त लावली. नियम घातला: अर्धवट पडलेली कॉपी सात दिवसांनी आपोआप झाडून टाकायची. लोक अर्धी कामं टाकून जातात आणि कचरा साठतो. मला अर्धवटपणाची किळस आहे.

पाच जीबीच्या वरची फाईल एका दमात कॉपी होत नाही. तुकडे करायचे. एकेक तुकडा पोचला की तिकडून लांबलचक नंबर येतो, ती त्याची पावती. शेवटी सगळे नंबर ओळीनं देऊन 'पूर्ण' अशी कमांड दिली की तुकडे जोडून फाईल उभी राहते. तोवर बकेट रिकामीच दिसते. आपले तुकडे आठ. आज सगळे उरकणार.

सोलापूरहून मेहुण्याचा फोन. इंद्रजित. कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, त्यामुळं त्याला सगळंच येतं. म्हणे, दाजी, एका ओळीची कमांड आहे, तुकडे तीच पाडते, जोडते पण तीच. त्याला विचारलं, बाजारच्या मसाल्याची आमटी आणि घरच्या काळ्या तिखटाची आमटी एकच का रे?

रात्री ८

कॉपी सुरू केली. पहिला तुकडा गेला. चार मिनिटं लागली. उरलेले उद्या. एका दिवशी फार ताणू नये.

११ एप्रिल, शनिवार

लाईट नाही. महावितरणचा वीट आलाय. लॅपटॉपला बॅटरी होती, पण बॅटरीवर असलं नाजूक काम करत नसतात.

१२ एप्रिल, रविवार

नेट मरतुकडं. समृद्धीनं विचारलं, फाईल तिकडच्या तिकडं जाते म्हणता, मग इथल्या नेटचं काय काम? तिला सांगितलं, हे टेक्निकल आहे. ती वह्या तपासत बसली. तिच्या गप्प बसण्याचा पण आवाज येतो.

दुसरा तुकडा गेला.

१३ एप्रिल, सोमवार

तिसरा तुकडा चुकीच्या ठिकाणी कापला. आकडे कुठून कुठपर्यंत ते हातानं काढतोय, एक शून्य खाल्लं. परत केला. या शून्यांचा तिटकारा आलाय. पावतीचे नंबर कॅलेंडरच्या मागं पेनानं उतरवतो. समृद्धी म्हणाली, कॉपी पेस्ट करा. मी म्हणालो, हातानं लिहिलेलं डोक्यात राहतं.

उरलेल्या पाच तुकड्यांचे नंबर लिहायला जागा आखून ठेवली. उद्या चार करणार. निदान तीन.

१४ एप्रिल, मंगळवार

सुट्टीच्या दिवशी लोक येतात. आले. बसले. पाच वाजले. एक तुकडा.

मामांचा व्हॉट्सॅपवर पाटीचा फोटो. 'जावईबापू, झालं का? ढोलवाल्यांना सांगावा धाडू का?' उत्तर दिलं, धाडा. झाल्यातच जमा आहे.

१५ एप्रिल, बुधवार

पाचवा आणि सहावा. एका दिवसात दोन! हाच वेग ठेवला असता तर कधीच संपलं असतं. पण लोक ठेवू देत नाहीत.

१६ एप्रिल, गुरुवार. रात्री ९

सातवा, आठवा. आठच्या आठ पोचले. नंबर मोजले, आठ. एकही कमी नाही. कंपनीच्या एसी हॉलमधल्या त्या चाळीस टाळक्यांना हातानं जमलं असतं का? थू.

इंद्रजितचा फोन. म्हणे, दाजी, आता लगेच 'पूर्ण' करा, जोडल्याशिवाय ती फाईल नव्हं. त्याला सांगितलं, अमावस्या लागलीय. उद्या दिवसभर आहे. आमच्याकडं अमावस्येला कामाची सांगता करत नाहीत, आजोबांनी कधी अमावस्येला धान्याची रास सुद्धा भरली न्हाय. आणि हे मामांचं काम, देवाचं काम. अक्षय तृतीयेला सकाळी, अंगणात, सगळ्यांसमोर, भंडारा लावून 'पूर्ण' करणार. असं आजवर कुणी केलं नसेल.

तो म्हणाला, बघा. हा 'बघा' शब्द मला अजिबात आवडत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार. अमावस्या

कंपनीच्या खात्यातली मूळ फाईल पुसली. साफसफाईला अमावस्या चालते. उद्या खातं बंद करायला येतील तेव्हा त्यांना आत माझ्या नावाचा कागद सुद्धा सापडणार नाही. खात्री करायची म्हणून कचरापेटी पण रिकामी केली. फार बरं वाटलं.

मधेच तो सात दिवसांचा नियम आठवला. पण तो अर्धवट कामांसाठी आहे. माझं काम अर्धवट नाही. आठही तुकडे पोचलेत, फक्त जोडायचेत.

१८ एप्रिल, शनिवार

बकेट उघडून बघितली. रिकामी. रिकामीच दिसणार, जोडल्याशिवाय दिसत नाही. इंद्रजितला विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. त्याचा तो 'बघा'.

समृद्धीनं मामांसाठी नवा टॉवेल आणि टोपी घेतली. ती आज गुणगुणत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच ऐकलं. आवाज मामांवर गेलाय.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी ११.२०

मामांचं अंगण. पन्नासेक माणसं. लाऊडस्पीकर. लॅपटॉपला भंडारा लावला. कमांड दिली. उत्तर: असं कुठलंही अपलोड अस्तित्वात नाही.

परत दिली. तेच.

सगळ्यांना सांगितलं, नेटवर्क.

दुपारी १२.०५

नेटवर्क.

२० एप्रिल, सोमवार

आज दोष कुणाला द्यावा म्हणून वही उघडून अर्धा तास बसलो. कंपनीनं नऊ दिवस आधी कळवलं होतं. महावितरणनं एकच दिवस लाईट घालवली. इंद्रजितनं सांगितलं होतं. समृद्धीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उरलं कोण? स्वतःचीच किळस येते, आणि ती कुणाला सांगता पण येत नाही.

काल इंद्रजितनं मला गोठ्याच्या मागं नेऊन हळू आवाजात सांगितलं. कॉपी दहाला रात्री सुरू झाली, सात दिवस सतराला रात्री भरले आणि माझ्याच नियमानं अठराला पहाटे आठही तुकडे झाडून टाकले. तुकडे कितीही असले तरी जोडेपर्यंत ते अर्धवटच. मूळ फाईल कुठाय, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो अंगणाकडं चालायला लागला. 'बघा' म्हणाला असता तरी चाललं असतं.

परत अंगणात आलो. मामांनी पाटी पुढं केली, 'काय झालं?' मी म्हणालो, नेटवर्क. त्यांनी इंद्रजितकडं बघितलं. इंद्रजितनं मान खाली घातली. मामांनी तळहातानं पाटी पुसली, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. सासूबाई, म्हणजे कोंडाबाई, उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी स्पीकरवाल्याला चहा द्यायला सांगितलं.

माणसं उठायला लागली तशी मामांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. ढोलवाल्यांना खूण केली. नवी टोपी नीट केली, कपाळाला भंडारा लावला आणि नेहमीसारखा एक हात कानावर ठेवून उभे राहिले. ओठ हलायला लागले. आवाज नाही. ढोलवाले त्यांच्या तोंडाकडं बघून वाजवत होते आणि बरोबर जागेवर ठेका बदलत होते, कारण त्यांनी हे जन्मभर ऐकलेलं. आम्ही बाकीचे नुसते बघत होतो. सासूबाईंना मधल्या चार ओळी येत होत्या, त्या त्यांनी म्हटल्या. पुढच्या कुणालाच येत नव्हत्या.

निदान हे तरी राहावं म्हणून मी मोबाईल काढला आणि पुढं सरकलो.

समृद्धी उठून माझ्याजवळ आली. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. रागावली नव्हती. शाळेत लहान पोरांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "तुम्ही नका घेऊ. इंद्रजित घेईल."

मी मोबाईल खिशात घातला.