हंडा डोक्यावर घेऊन विहिरीत

सेनगाव, चैत्र वद्य पंचमी, सन १९४१

दोर माझ्या बाजेखाली लपवला आहे.

गावात कुणाची बादली विहिरीत पडली की सरूताईचे यजमान, आमचे दाजी, बुडी मारून काढतात. त्यांना मी रोज समुद्राखालच्या बोटीची कादंबरी वाचून दाखवतो. त्यातली माणसं डोक्यावर पितळी टोप घालून तळाशी हिंडतात, हे ऐकल्यापासून दाजींना चैन नव्हतं. आज ताईच्या लग्नातला तांब्याचा हंडा डोक्यावर पालथा धरून, कमरेला दगड बांधून ते उतरायला निघाले. कमरेच्या दोराचं दुसरं टोक माझ्या हातात.

"हिसका दिला की ओढ. तोंड काहून पाडलं? पुस्तकातले बुडले का?"

"दाजी, ती कादंबरी हाय."

"मंग इतके दिवस खोटं वाचून राहिला व्हय?"

मला हो म्हणवलं नाही. का नाही म्हणवलं?

हिसका आलाच नाही. दोर नुसता ढिला. शेवटी मी आपणहून ओढला. दाजी वर आले ते काळेनिळे, हंड्याशिवाय. ताई रडत होती. बऱ्याच वेळाने ते बोलले, "नारायण, आत हवा व्हती. म्या पाण्याखाली श्वास घेतला." चेहरा असा की मी तो कधी पाहिला नव्हता.

हंडा तळाशीच आहे. राहू दे, म्हणते ताई. पण तो काढणारं गावात दुसरं कोण आहे?

आत्ता बाहेर ओसरीवर दाजी ताईला विचारत आहेत, दोर कुठं ठेवला. मी ऐकलं नाही असं करून लिहीत बसलो आहे.