हेमकांतची जीभ मी सरळ करणार

५ जानेवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून हेमकांतचं काम मी हातात घेतलं. नातू माझा. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी, सुट्टीला कोरीटला घरी. दिसायला ठीक, पगार ठीक. फक्त बोलताना अडकतो. पहिलं अक्षर निघतं, पुढची गाडी येत नाही. मग मान वाकडी, डोळे मिटलेले. मी शब्द पुरा करून देतो म्हणून घर चालतं.

१ फेब्रुवारीला शहाद्याचे पाहुणे येणार. मुलगी ममता, पतपेढीत कामाला. मागच्या वर्षी एका गावी बघायला गेलो होतो. मुलीच्या मामाने नाव विचारलं. हेमकांत ‘हे’वर अडकला. मी लगेच ‘हेमकांत’ म्हणून टाकलं. मामा म्हणाला, पोऱ्या मुका शे का. त्यानंतर स्थळाचं नाव काढलं की हा ताटावरून उठतो. ममताला मात्र हो म्हणाला. दोघं मोबाइलवर लिहून लिहून बोलतात म्हणे. लिहिताना कोण अडकतो. तिला अजून माहीत नाही. कळूही द्यायचं नाही.

मी नंदुरबारच्या मार्केटला आयुष्यभर मिरचीचे लिलाव पुकारले. माझ्या तोंडापुढे व्यापारी टिकले नाहीत, ही एवढीशी जीभ काय टिकणार. आठ दिवसांत उरकतो.

७ जानेवारी, बुधवार.

जडीबुटीवाल्याने अक्कलकारा दिला, एक तिखट मुळी. जिभेखाली धरायचा. पोराला देण्याआधी स्वतः चघळून बघितला. जीभ अशी बधिर झाली की चहा पोटात गेला का सदऱ्यावर, कळेना. दुपारपर्यंत शब्द निघाला नाही. तेवढ्यात आमच्या धनुबाईने, म्हणजे हेमकांतच्या आजीने, शेजारणी बोलावून निवांत पापड लाटले. संध्याकाळी मला म्हणते, ती मुळी घरमाच ऱ्हाऊ द्या, कामनी शे.

हेमकांतला दिली नाही. जहाल आहे.

९ जानेवारी, शुक्रवार.

नवीनच कळलं. हेमकांत दिवाळीपासून नंदुरबारला स्पीच थेरपीला जातो. धनुबाईला माहीत, मला नाही. विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणे, सांगाले टाइम तुम्ही देतस कव्हय.

आज मीच बरोबर गेलो. थेरपीवाली चांदनी मॅडम म्हणजे गौतमचंद कापडवाल्याची नात. दवाखाना कसला. इंजेक्शन नाही, गोळी नाही, झोपवून तपासायचा पलंगसुद्धा नाही. दोन खुर्च्या, एक आरसा. मॅडम म्हणाली, आजोबा, हे भीतीने होत नाही, जीभ जड असल्यानेही होत नाही. मेंदूतून बोलण्याची जी हालचाल सुटते तिची वेळ मागेपुढे होते. भीती नंतर येते, लोकांनी हसून हसून. म्हणाली, पुष्कळदा घराण्यात असतं.

आमच्यात कोणी नाही, सांगून टाकलं. हेमकांतचा बाप, म्हणजे माझा अमृत, लहानपणी थोडा अडायचा. मी असा दम भरला की बोलणंच बंद झालं. म्हणजे बरा झाला. अजून चार शब्दांवर जात नाही. मॅडमने हे फार वेळ लिहून घेतलं. माझा उपाय तिला नवीन असावा.

१६ जानेवारी, शुक्रवार.

मॅडमने घरच्यांसाठी नियम दिले. हळू बोल म्हणायचं नाही. श्वास घे म्हणायचं नाही. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. त्याच्याकडे बघत थांबायचं, जणू आपल्याला कुठे जायचं नाही. मी सांगितलं, मी तर कधीच मधे बोलत नाही. धनुबाईला खोकला आला.

संध्याकाळी हेमकांत धावत आला. “आबा, म्ह... म्ह...”

म्हटलं, “म्हणजे?”

“म्ह...”

“म्हसावद? म्हसावदहून कोण आलं?”

“म्ह...”

“म्हणतात? कोण काय म्हणतात?”

म्हैस सुटली होती. तोवर शेजाऱ्याच्या हरभऱ्यात पोचली. शेजारी दारात येऊन नाही नाही ते बोलला, तो मात्र कुठे अडकला नाही. पोराने वेळेवर सांगितलं असतं तर हरभरा वाचला असता. हेच मी मॅडमला सांगतो, तर ऐकत नाही.

१८ जानेवारी, रविवार. दुपार.

सापडलं. आरसा नको, खुर्ची नको.

गोठ्यात हेमकांतला लिलाव पुकारायला लावला. माझ्या चालीत, माझ्याबरोबर. लाल मिरची, ओला माल, बोला बोला, पाच हजार एकवार, पाच हजार दोनवार. एकदाही अडकला नाही. मग मी गप्प झालो, तो एकटा पुकारत राहिला. तरी अडकला नाही. म्हैस कान टवकारून बघत होती. मी म्हटलं, आता याच चालीत नाव सांग. त्याने सांगितलं, “हेमकांत अमृत पाटील एकवार, हेमकांत अमृत पाटील दोनवार.”

आजार गेला. मॅडमला दिवाळीपासून जमलं नाही, मला एका दुपारी जमलं. धनुबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, पोऱ्या बरा व्हयना का बाजारमा इकाले काढा.

ती अशीच.

२३ जानेवारी, शुक्रवार.

मॅडमला बातमी दिली. आश्चर्य वाटलं नाही तिला. म्हणे, कोणाबरोबर एकसुरात बोललं, गाण्यासारखं बोललं, की पुष्कळ जण अडकत नाहीत. पण माणूस दिवसभर चालीत कसा बोलेल. चाल सुटली की परत तेच. हेमकांतनेही मान हलवली. म्हणाला, आबा, ल-ल-लॅबमध्ये मी साहेबाला रसाचा रिपोर्ट पु-पुकारून देऊ का.

मग तिची पद्धत बघितली. पहिलं अक्षर जोराने फेकायचं नाही, अलगद सोडायचं. ओठ घट्ट आवळायचे नाहीत. अडकला तर धक्का मारायचा नाही, तिथेच सैल व्हायचं आणि पुढे सरकायचं. एवढं ठीक. पण नंतर ऐकलं त्याने डोकं फिरलं. हेमकांतला तिने सांगितलं, दुकानात जाऊन मुद्दाम अडखळून बोल. जे घालवायला आलो ते मुद्दाम करा. म्हणे, लपवण्यातच सगळी ताकद जाते, लपवायचं नसलं की अडकणं हलकं होतं. आणि ममताला पहिल्याच भेटीत स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असं या दोघांचं ठरलंय.

मी साफ नाही म्हटलं. हळद लागल्यावर सांग. पोऱ्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, “आबा, मी स-स-सांगनार.”

मॅडम मला म्हणाली, आजोबा, एक दिवस तुम्हीच अडखळून बघा. म्हटलं, त्यात काय. मार्केट गाजवलेला माणूस आहे मी.

२४ जानेवारी, शनिवार.

सकाळी दुकानावर गेलो, साबण आणायला. ठरवल्याप्रमाणे म्हटलं, “सा... सा...”

दुकानदाराने साखरेत माप घातलं. मी हाताने नाही केलं. परत “सा...” तोवर साबुदाणा काढला. मी मान हलवतो, तो आणखी तोलतो. मागून एक पोरगी म्हणाली, काका, यांना काय पाहिजे ते पटकन द्या ना, माझा क्लास आहे. दुसरा म्हणाला, आबाला झटका आला वाटतं, घरी कळवा. एकाने माझा दंड धरून मला पोत्यावर बसवलं. मला साबण पाहिजे होता, एवढं कोणी ऐकून घेईना. मुद्दाम करत होतो, तरी शेवटी खरंच शब्द निघेना.

साबुदाणा घेऊन घरी आलो.

माणसांना आजकाल धीर म्हणून नाही. समोरचा बोलतोय, जरा थांबावं, एवढीही रीत राहिली नाही. हेमकांत साबुदाण्याची पुडी बघून म्हणाला, आबा, का-का... मी म्हटलं, काही नाही, जा, लॅबची गाडी चुकेल.

१ फेब्रुवारी, रविवार.

पाहुणे आले. ममता, तिचे वडील योगेंद्रभाऊ, आणखी चारपाच जण. मागच्या वर्षीची चूक परत करायची नव्हती. मागच्या वेळी मी नाव उशिरा सांगितलं होतं. या वेळी कोणी विचारायच्या आत नाव, शिक्षण, पगार, शेत, विहीर, सगळं एका दमात सांगून टाकलं.

ममताने हेमकांतला विचारलं, लॅबमध्ये काय करता. मी सांगितलं, उसाचा रस तपासतो. तिने विचारलं, खायला काय आवडतं. मी सांगितलं, वांग्याचं भरीत. सुट्टीला काय करता, तेही मीच सांगितलं. अमृत भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. योगेंद्रभाऊ मला म्हणाले, काका, लगीन कोनं शे. सगळे हसले, मीपण हसलो. वातावरण मोकळं झालं.

मग मुलगी म्हणाली, आम्हाला दोघांना बोलायचंय. दोघं मागे विहिरीकडे जाऊन बसले. पोऱ्या काय सांगून बसेल या काळजीने मी पाणी घेऊन गेलो. मग सुपारी घेऊन गेलो. मग म्हैस बघायला गेलो. तेव्हा हेमकांत तिच्यासमोर मला म्हणाला, “आ-आ-आबा, आम्ही बो-बो-बोलतोय. तु-तुम्ही जा.” प्रत्येक शब्दाला अडकला. डोळे मिटले नाहीत, मान वाकडी केली नाही. तिच्याकडे बघत अडकला.

सगळं उघडं पडलं. परत येऊन ओट्यावर बसलो. धनुबाईला म्हटलं, संपलं. ती चहा गाळत म्हणाली, त्याले बोलू द्या ना, तुम्ही कसाले मधमा पडतस.

पाहुणे भरीत-भाकरी जेवून गेले. कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते मला समजतं.

४ फेब्रुवारी, बुधवार.

योगेंद्रभाऊंचा फोन. मुलीला एक अडचण वाटते म्हणे. मी लगेच सांगितलं, बोलण्याची ना, ते माझ्यावर सोडा, माझ्याकडे एक चाल आहे. ते म्हणाले, नाही काका, मुलाचं बोलणं तिला चालतं. त्याने तिला सगळं स्वतःच सांगितलंय. ती विचारते, तुमच्या घरात दुसऱ्या माणसाला बोलायला मिळतं का. मी म्हटलं, म्हणजे काय, भरपूर मिळतं. आणि आमच्या घराची पद्धत त्यांना नीट समजावून सांगितली. बराच वेळ लागला. मधे ते दोनदा काहीतरी म्हणत होते, पण मुद्दा चालू होता.

रविवारी दोघं शहाद्याला भेटणार. ममता तेव्हाच काय ते सांगणार. आबांनी प्रवासाची दगदग करू नये, असं तिने खास कळवलंय. काळजी घेणारी पोर आहे.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

दिवसभर दारात बसलो. हेमकांत फोन कधीच करत नाही, मेसेज टाकतो. चार वाजता माझा मोबाइल वाजला. बघतो तर हेमकांत. उचलला. हॅलो म्हटलं. आवाज नाही. म्हटलं, हॅलो, काय झालं, हो म्हणाली का, नाही म्हणाली का, एसटी मिळाली नाही का, बोल लवकर. काही नाही. नुसती बारीक घरघर. नेटवर्क गेलं. मी कट केला.

परत वाजला. परत तेच. अंगणात गेलो, गच्चीवर गेलो, हॅलो हॅलो ओरडलो. परत कट केला. मोबाइल बंद करून चालू केला.

मग धनुबाईचा वाजला. तिने कानाला लावला आणि ओट्यावर बसली. हां म्हणाली आणि गप्प. मी खुणेने सांगितलं, रेंज नाही, ठेव. तिने पाठ फिरवली. चुलीवरची डाळ लागल्याचा वास आला, तरी उठली नाही. नुसती बसून राहिली, जणू तिला कुठे जायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने तोंडाला पदर लावून हसली, आणि रडलीपण.

ममता हो म्हणाली. हेमकांतने स्वतःच्या तोंडाने आजीला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर एवढं बोलला. अमृत गोठ्यातून आला, ऐकलं, आणि म्हणाला, ब-ब-बरं झालं. मग परत गोठ्यात गेला.

धनुबाई मला म्हणाली, पहिला फोन त्यानी तुम्हलेच करा व्हता.

तिचं आणि माझं कार्ड एकाच कंपनीचं आहे. तरी तिला ऐकू येतं, मला येत नाही. उद्या पहिल्या गाडीने नंदुरबारला जाऊन कार्ड बदलून आणतो.